पंख्यावरची धूळ

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१२ जुलै २०२५

तनुजाताई,

सलाम. पाकिटामागचं नाव वाचूनही तुम्ही हे उघडलंत, त्याबद्दल आधीच आभार मानतो.

तुमचा नंबर बंद लागतो, म्हणून ऑफिसातून घरचा नंबर मागून घेतला. तुमच्या वडिलांनी, काकासाहेबांनी उचलला. "कोन नोमान?" म्हणाले. मी म्हटलं, केमिस्ट्रीच्या लॅबमधला, अटेंडंट. त्यावर ते म्हणाले, "हे बघ बाबा, तुझा राग नाय. पन पोरगी तिथून रडत आली. आता सिल्लोडला क्लासवर शिकवती, पोरं म्याडम म्याडम करतेत, दोन घास जेवती. तुमच्या लोकायनं तिला आता काय बी कळवू नये." मी "जी" म्हणून ठेवून दिला. फोनवर मला तसंही धड बोलता येत नाही. जीभ अडखळते, मग घाम येतो. लिहिताना खोडता येतं. हे पत्रही आधी कच्चं लिहिलं आणि एकेक शब्द तपासून उतरवलंय.

एप्रिलमधल्या मीटिंगची एक गोष्ट तुम्हाला माहीत नसावी. तुमच्या गाईडनी, सर्जेराव सरांनी सगळ्यांसमोर तुम्हाला "क्रिस्टल होते तरी का?" असं विचारलं, तेव्हा मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. मी म्हटलं, "सर, होते. मी पाहिलेत." तोपर्यंत तुम्ही बॅग उचलली होती. सर मला म्हणाले, "तुला मीठ आणि साखर तरी ओळखता येते का रे?" सगळे हसले. हातात ट्रे होता, मीही थोडा हसलो.

पण मी पाहिलेत, ताई. जुन्या इमारतीतल्या खोलीत, थंडीत, तुमच्या फ्लास्कच्या तळाशी. पांढऱ्या सुया, एकीला एक टेकलेल्या. तुम्ही हाक मारून म्हणाला होतात, "नोमान, श्वास रोखून बघ."

परवा लुबनाआपाची, म्हणजे माझ्या बहिणीची, मुलगी आली होती. युसरा. सातवीत आहे, प्रश्न फार विचारते. "मामू, तुमच्या लॅबमध्ये करतात काय?" तुम्ही मला सांगितलं होतं तसंच तिला सांगितलं. विषाणू म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. अंगात शिरला की स्वतःच्या नकला उतरवत सुटतो. तनुजाताईंनी त्यातल्या एका अक्षरासारखं हुबेहूब दिसणारं खोटं अक्षर बनवलं, टी-१९ नावाचं. खऱ्या अक्षराला पुढचं अक्षर अडकवायला कडी असते, ती याच्यात बदललेली आहे. विषाणू फसतो, ते अक्षर उचलून लावतो, आणि त्याच्यापुढं काही अडकतच नाही. नक्कल अर्धीच राहते. युसरा म्हणाली, "म्हणजे कॉपी करणाऱ्याला ताईंनी फसवलं." हे बरोबर आहे का? चूक असेल तर कळवा. ती शाळेत जाऊन सांगेल आणि नाव माझं जाईल.

अम्मीला चिकनगुनिया होऊन वर्ष होत आलं. सकाळी बोटं अजून वळत नाहीत, कणीक शेजारीण मळून देते. टी-१९ त्याच तापाच्या विषाणूसाठी आहे हे मी तिला सांगून बसलोय. आता रोज विचारते, "वो सिल्लोडवाली बच्ची के दवा का क्या हुआ रे?" मी म्हणतो, दवा नाही अम्मी, अजून फक्त काचेत तपासलंय, पेशींवर. ती म्हणते, "हां तो, कांच में क्या हुआ?"

मी हे पत्र लिहितोय हे सरांना माहीत नाही.

तुमचा
नोमान

२ ऑगस्ट २०२५

तनुजाताई,

उत्तर आलं नाही, पण पाकीटही परत आलं नाही. त्यावर मी समाधान मानतोय.

मागच्या वेळी एक गोष्ट लिहायची टाळली. टी-१९ आता तुमच्या ज्युनिअरकडे, कृष्णाकडे दिलंय. तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. कृष्णाला त्यात आनंद नाही. तुमच्या टेबलावर तो बसत नाही, स्टूल ओढून शेजारी बसतो.

तो तुमच्याच पद्धतीनं बनवतो आणि शेवटी हाती येते ती काकवी. पिवळट, चिकट, फ्लास्कच्या तळाला धरून बसलेली. काचेच्या कांडीनं खरडून झालं, बर्फात ठेवून झालं, वेगवेगळ्या द्रावकांत विरघळवून झालं. काकवी ती काकवीच. काल म्हणाला, "नोमानभाई, डब्यात पोळी हाय का? एवढी काकवी वाया जाती."

ती पुण्याला, विषाणूंच्या लॅबमध्ये, तपासायला पाठवली होती. विषाणू थांबला नाही, उलट पेशीच मेल्या. सर म्हणतात, काकवीत काय काय अडकलेलं असतं कुणाला ठाऊक. क्रिस्टल झाले तरच माल शुद्ध. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या मालानं विषाणू थांबवला होता आणि पेशी जिवंत राहिल्या होत्या, हे पुण्याच्या अहवालात आहे. पण त्यातला कणही उरलेला नाही. पुण्याच्या लोकांनी त्यांचा वाटा विरघळवून वापरला. आपल्याकडचा तुम्ही नव्या इमारतीत आल्यावर आणखी शुद्ध करायला घेतलात, सगळाच्या सगळा, आणि त्याचे क्रिस्टल परत झाले नाहीत. सर मीटिंगमध्ये पुन्हा तेच म्हणाले, "चिमूटभर मागं ठेवायची असते, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतो." मग म्हणाले, "ठेवायला काही होतं की नाही, देव जाणे." या वेळी कुणी हसलं नाही.

आता जे लिहायचंय ते मी तीनदा कच्चं लिहून फाडलं. सर पुण्याला कळवणार आहेत की टी-१९ चा पहिला निकाल धरू नये. कृष्णाला म्हणाले, तपासणीची समिती येऊन जाईपर्यंत बघ, नाहीतर आपण हात वर करू. तसं झालं तर तुम्ही खोटं बोललात असं कायमचं ठरेल. प्रबंधाचं तर सोडाच. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं. तुम्ही काय करावं हे सांगायची माझी लायकी नाही.

समितीसाठी सगळं चकाचक चाललंय. नव्या लॅबमध्ये आता चपला बाहेर. काचेचं सामान नवीन आलं, ओरखडे पडलेलं जुनं सगळं भंगारात गेलं. खिडक्या बंद, एसी चालू, फरशीत तोंड दिसतं. जुन्या इमारतीतली आपली खोलीही रंगवणार आहेत. तिथं आता मोडकी बाकं आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवलेत. झाडणाऱ्या मनकर्णाबाई म्हणतात, "समितीला मोडकी बाकं बी गोरी दिसली पायजेत."

काळजी घ्या. काकासाहेबांना सांगा, मी परत फोन केलेला नाही.

नोमान

१४ ऑगस्ट २०२५

तनुजाताई,

कार्ड मिळालं. शिपायानं हातात दिलं तेव्हा आधी अक्षर पाहिलं आणि मग वाचायला जिन्यात जाऊन बसलो. तुम्ही लिहिलंय: "युसराला बरोबर सांगितलंस. जुन्या खोलीत खिडकीवरचा एक्झॉस्ट पंखा अजून आहे का? असेल तर कुणाला पुसू देऊ नकोस." बाकी काही नाही. का ते नाही, कसं आहात ते नाही. पण मी लगेच गेलो.

खोलीची किल्ली मनकर्णाबाईंकडे असते. त्या पायरीवर बसून शेंगा खात होत्या.

"मावशी, जुन्या खोलीतला पंखा पुसला का?"

"आल्या आल्या कामच काढलं. पुसते की. पेंटरचं व्हऊ दे."

"नाही, पुसायचा नाही."

"आं?"

"पुसायचा नाही. धूळ पाहिजे."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं आता या ऑफिसात जाऊन सांगतात. "आरं, या नोकरीत केस पिकले माझे. जो येतो तो म्हनतो, बाई झाड, बाई पूस. तू पहिलाच, धूळ ऱ्हाऊ दे म्हननारा. तब्येत बरी हाय ना? आन त्यात त्यो तुमचा इषाणू तर नाय?"

मी सांगितलं की विषाणू आपल्याकडे नसतोच, तो पुण्याला, कुलपात. आपण फक्त औषधाचा माल बनवतो. "मग ठीक हाय," म्हणाल्या, आणि किल्ली घेऊन उठल्या.

आत गेलो. रंगाचं काम सुरू झालं होतं. भिंती घासलेल्या, खिडकीची तावदानं धुतलेली, तुमचं जिथं टेबल होतं तिथली फरशी ओली. मी वर बघेना. मनकर्णाबाईंनीच पाहिलं. म्हणाल्या, "त्यो काय तुझा पंखा. त्याला कोन हात लावतो? शिडी कुनाच्या बापाची हाय?" पेंटरनं पात्यांवर रंग उडू नये म्हणून पंख्याला पेपर गुंडाळून सुतळीनं बांधलं होतं. फटीतून पाहिलं, आत काळी, लोकरीसारखी धूळ तशीच आहे. पेंटरला मी सांगितलं, पेपर काढू नको. तो म्हणाला, "भाई, मला पैशे भिंतीचे देतेत."

रोज जाऊन बघून येतो. कुलूप ओढून पाहतो. आता कृपया सांगा, कशासाठी?

नोमान

२५ ऑगस्ट २०२५

तनुजाताई,

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की सरांना माहीत नाही. तेव्हा ते खरं होतं. दुसरं पत्र मी दुपारच्या सुट्टीत लिहीत होतो आणि सर मागं येऊन उभे राहिलेले मला कळलंच नाही. मी कागदावर हात ठेवला. त्यांनी फक्त पाकीट पाहिलं आणि म्हणाले, "पिनकोड नीट टाक." त्या दिवसापासून रोज आल्यावर विचारतात, "टपाल आलं का?" विचारताना माझ्याकडे बघत नाहीत, तराजूकडे किंवा फ्रीजकडे बघतात. मला बजावलं होतं, "मला हे माहीत आहे असं पत्रात घालू नकोस." आता घातलं. रागावले तर रागावू देत.

तुमचं कार्ड त्यांना दाखवायचं की नाही, यावर मी फार विचार केला. दाखवू नको असं तुम्ही लिहिलं नव्हतं. पण "का" ते मला कळत नव्हतं आणि पेंटर परत येणार होता. शेवटी दिलं.

सरांनी वाचलं. चष्मा काढला. परत वाचलं. मग म्हणाले, "विरजण."

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. कृष्णा म्हणाला, "काय सर?"

"अरे, विरजण! दूध कितीही चांगलं असू दे, विरजणाशिवाय दही लागत नाही. काही माल असेच असतात. आधी तयार झालेल्या क्रिस्टलचा एखादा बारीक कण आत पडला की बाकीचे त्याच्याभोवती बसायला लागतात. ती जुन्या खोलीत क्रिस्टल कुटायची, वजन करायची. हवेत कण उडत असणार, डोळ्यांना न दिसणारे. पहिला एकदा बसला आणि नंतर त्या खोलीत दर वेळी बसला, कारण विरजण हवेतच होतं. आणि आपण काय केलं? नवी इमारत, नवी काच, धुतलेली हवा. विरजणाचं भांडं घासून पुसून इकडं आलो आणि विचारतोय, दही का लागत नाही."

मग म्हणाले, "हे मी वर्गात शिकवतो, नोमान. दर वर्षी." मी शिडी आणायला गेलो.

सर स्वतः जुन्या खोलीत आले. मनकर्णाबाईंनी बाक पुसायला घेतलं तर ओरडले, "पुसू नका!" बाई म्हणाल्या, "घ्या, आता साहेबाला बी लागन झाली." पेंटरच्या पेपरासकट पंखा उतरवला. कृष्णानं नवीन काकवी कोमट द्रावकात विरघळवून गाळून आणली होती. सरांनी ती सगळी वापरू दिली नाही. एका टेस्टट्यूबमध्ये थोडीशीच घेतली, सुईच्या टोकावर मावेल एवढी पात्यावरची धूळ त्यात सोडली, कापूस लावला आणि खिडकीत ठेवली. सरांनी स्वतःच्या हातानं टेस्टट्यूब धरलेली मी नोकरीला लागल्यापासून पाहिली नव्हती.

अजून काही झालेलं नाही. तळाशी धुळीचा ठिपका आहे आणि वर पिवळं पाणी. कृष्णा म्हणतो, पंख्यावर कबुतराचंच जास्त असंल. खोटी आशा लावायची नाही म्हणून जसं आहे तसं लिहिलंय.

पुण्याचं पत्र सरांनी अजून पाठवलेलं नाही. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं.

नोमान

८ सप्टेंबर २०२५

तनुजाताई,

आले.

आधी कृष्णानं पाहिलं. गणपतीच्या सुट्टीनंतर तो सकाळी किल्ली घेऊन गेला आणि तिथूनच मला फोन केला, कुजबुजत, जणू कुणी झोपलंय. "नोमानभाई, या. पळू नका. दार हळू लावा." मी पळतच गेलो. टेस्टट्यूबच्या तळाशी, त्या काळ्या ठिपक्याला धरून, पांढऱ्या सुया. मी श्वास रोखला. तुम्ही सांगितलं होतं म्हणून नाही, आपोआपच.

सरांना बोलावलं. ते वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले. कृष्णा म्हणाला, "सर, पाठ धरंल." सर उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. तोंड आमच्याकडे नव्हतं.

पुढचं काम लगेच झालं. त्या सुया काढून धुऊन घेतल्या आणि त्यातला कणभर मोठ्या फ्लास्कमध्ये विरजण म्हणून टाकला. दुपारपर्यंत फ्लास्क सगळा पांढरा. यात धूळ नाही, कबूतर नाही. वितळण्याचं तापमान तुम्ही नोंदवलेल्याशी जुळलं. कृष्णानं ते मोठ्यानं वाचलं आणि मग तुमच्या टेबलावर हलकेच बुक्की मारली. चिमूटभर मागं ठेवलीय. खरं सांगायचं तर तीन वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवलीय आणि एक बाटली जुन्या खोलीत. मला नव्या इमारतीचा भरवसा राहिला नाही.

आजच सॅम्पल पुण्याला गेलं. या वेळी शुद्ध आहे. निकाल यायला वेळ लागेल आणि तो काय येईल ते कुणालाच माहीत नाही. पहिला निकाल धरू नये असं कळवायचा विचार सरांनी सोडून दिला.

अम्मीला सांगितलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं वळत नाहीत तरी. म्हणाली, "उस बच्ची कू लिख, घर कू आ बोलके. खाना खाके जा बोल."

आता या, ताई. मोठा क्रिस्टल निवडून क्ष-किरणांखाली घालायचाय, म्हणजे त्या अक्षराचा आकार कागदावर सिद्ध होईल. ते तुमच्याच हातानं व्हायला पाहिजे, असं आम्हा सगळ्यांना वाटतं.

नोमान

१८ सप्टेंबर २०२५

तनुजाताई,

दुसरं कार्ड मिळालं. "क्रिस्टल आले, फार बरं वाटलं. काम कृष्णाच पुढे नेऊ दे. त्या खोलीत त्या सगळ्यांसमोर पुन्हा उभं राहायची माझी हिंमत नाही. अम्मीला नमस्कार."

मी यावर रुसलो नाही. तुमच्या जागी मीही गेलो नसतो. मी तर साधा बँकेत जायचं म्हटलं तरी आदल्या दिवशी जेवत नाही.

सरांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅबमधल्या सगळ्यांना बोलावलं, कृष्णाला, बाकीच्या विद्यार्थ्यांना, ऑफिसच्या दोघांना, आणि म्हणाले की एप्रिलमध्ये मी तनुजाला जे बोललो ते चुकीचं होतं. ते सगळं इंग्रजीत बोलले, कारण अवघड बोलायचं असलं की सर इंग्रजीत जातात. सगळ्यांनी माना हलवल्या. मला वाटलं झालं, आता हे तुम्हाला कळवावं.

मनकर्णाबाई कोपऱ्यात कचऱ्याची बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "काय म्हनले साहेब?" मी सांगितलं. हळूच सांगितलं, पण त्या हळू बोलत नाहीत. "आन जिला बोलले ती कुठं हाय? पोरीला बोलायचं चार लोकांत आन माफी मागायची तिच्या माघारी, व्हय? ह्यो कोनता न्याय?"

मी मनात कलमा म्हणायला लागलो. आता बाईंची नोकरी जाते की माझी, हे कळेना.

सर लाल झाले. मग म्हणाले, मराठीत, "बाई, बरोबर आहे तुमचं."

नंतर मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तिचा क्लास कोणत्या वारी असतो?" म्हणून हे पत्र घाईत लिहितोय आणि लगेच टाकतोय. सर सिल्लोडला येणार आहेत. शनिवारी, २७ तारखेला, तुमच्या क्लासवर. म्हणाले, "मी तिला तिच्या ज्युनिअरांसमोर बोललो. आता तिच्या विद्यार्थ्यांसमोर बोलतो." मी म्हटलं, सर, पुण्याचा निकाल येऊ द्या, मग जाऊ, चांगली बातमी घेऊन. तर म्हणाले, "नाही. निकाल चांगला आला आणि मग गेलो, तर निकालासाठी गेलो असं होईल. निकाल वाईट आला तरी क्रिस्टल होते, हे तर बदलत नाही."

मला सोबत नेणार आहेत. तुम्हाला सांगू नको म्हणालेत, पण मी सांगतोय. नाहीतर तुमच्या हातात खडू असेल, समोर पोरं असतील, आणि दारात एकदम सर. मला ते नुसतं डोळ्यांपुढं आणूनही धडधडतं. काकासाहेबांनाही कृपया आधी सांगून ठेवा. सर सहज रागावतात आणि काकासाहेबही, असा माझा अंदाज आहे.

परत यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सर त्याबद्दल काही विचारणार नाहीत, तसं त्यांनी मला कबूल केलंय. त्यांनी फक्त बोलायचं आणि निघायचं. मोठा क्रिस्टल कृष्णानं अजून निवडलेला नाही. म्हणतो, "ताईच्या हातात चिमटा जाईस्तोवर मी हात लावीत नाय, सर ओरडले तरी." सर ओरडले नाहीत.

आज सकाळी सर काय बोलायचं ते तयार करत होते. दोन पानं लिहिली होती. मला वाचायला दिली, शब्द तपास म्हणून. त्यात विरजण होतं, नवी इमारत होती, काच होती, संशोधनात शंका घेणं कसं गरजेचं असतं तेही होतं. शब्द सगळे बरोबर होते. पण मी पान हातात घेऊन उभाच राहिलो, तेव्हा ते म्हणाले, "काय? बोल."

मी म्हटलं, "सर, एवढं कशाला? 'तनुजा खरं बोलत होती, मी चुकलो,' एवढंच म्हणा."

सरांनी पानं परत घेतली. मग म्हणाले, "तेवढंच तर अवघड आहे रे."

नंतर केबिनचं दार बंद करून घेतलं. मी बाहेर बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होतो, त्यामुळे ऐकू आलं. ते वाक्य ते मोठ्यानं म्हणून बघत होते. पहिल्यांदा अडखळले. मग परत. मग परत. शेवटी शेवटी बरं यायला लागलं होतं.

शनिवारी वर्ग आहे ना? नसला तर लगेच कळवा.

नोमान